उरलेले तुकडे आणि पेटलेली ज्योत

पाच भाकरी आणि दोन मासे यांच्या चमत्काराची कथा आपल्या धर्मग्रामातील लहान मुलालाही ठाऊक असते. पाच हजारांची भूक भागली, हे सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु संत योहान त्या प्रसंगी आणखी एक गोष्ट नोंदवतो, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. लोक तृप्त झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. काहीही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा होती. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून भाकरी वाढते, त्याला तुकड्यांची काय तमा? तरीही त्याने ते वेचून घेतले.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेण, चिपाडे, पाचट आणि खरकटे यांचा इतिहास चाळताना मला या बारा टोपल्यांची वारंवार आठवण होते. टाकाऊ वस्तूंपासून अग्नी मिळवण्याचा हा इतिहास वरकरणी यंत्रशास्त्राचा आहे. खोलात गेले की लक्षात येते, की कोणी काय टाकले, कोणी ते वेचले आणि ज्योत पेटली ती कोणाच्या चुलीत, याचाच तो इतिहास आहे.

शेणी आणि शेत

आज हे दोन जिल्हे वेगळे असले तरी एके काळी ते एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा दोहोंना जोडते. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा हा सह्याद्रीच्या कुशीतला पावसाचा मुलूख. मध्ये कराड, वाळवा, पलूस, मिरज हा उसाचा पट्टा. आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हे कायमचे अवर्षणग्रस्त तालुके. डोंगरात लाकूडफाटा मिळे. पूर्वेच्या उघड्या माळावर मात्र बाभळीच्या चार काटक्या आणि जनावरांचे शेण, एवढेच काय ते जळण.

त्या शेणाच्या शेणी थापल्या जात. उन्हाळ्यात त्या वाळवून त्यांचा हुडवा रचायचा, वरून शेणानेच लिंपायचा आणि पावसाळाभर त्यावर चूल पेटवायची, हा घराघरांतील बायकांचा परिपाठ होता. फुंकणी फुंकता फुंकता डोळे लाल होत, छाती भरून येई. परंतु याहून मोठी हानी डोळ्यांना दिसत नसे. जे शेण शेतात पडायचे ते चुलीत जाई, आणि जमीन वर्षानुवर्षे उपाशी राही.

ही अडचण फार जुनी आहे. १८८९ साली सरकारने डॉ. जॉन व्होएल्कर नावाच्या इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास धाडले. त्याचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. शेण जाळणारा शेतकरी अडाणी आहे, असे त्या काळचे अनेक अधिकारी म्हणत. व्होएल्करने ते मानले नाही. शेतकऱ्याला खताची किंमत पुरेपूर कळते. दुसरे जळण नाही म्हणून तो शेण जाळतो, असे त्याचे निदान होते. म्हणून त्याने जळणासाठी झाडे लावण्याचा आग्रह धरला. तथापि एकच शेण चुलीला अग्नी देईल आणि शेतालाही खत देईल, ही शक्यता त्या वेळी कोणाच्या मनात आली नव्हती. तिचे बीज मात्र त्याच दशकात मुंबईला पडले, आणि तेही समाजाने टाकून दिलेल्या माणसांच्या वस्तीत.

मातुंग्याची टाकी

दलदलीतून पेट घेणारा वायू निघतो, हे इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली दाखवून दिले होते. विजेच्या घटाचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. तो श्रद्धावंत कॅथलिक होता. माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून त्याने वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ज्योत लावून पाहिली. त्या वायूला आज आपण मिथेन म्हणतो. पाने, शेण, मैला, खरकटे असे काहीही सेंद्रिय द्रव्य हवा न लागता कुजले की सूक्ष्म जीव त्याचे विघटन करतात आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण बाहेर पडते. गोबरगॅसचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

मुंबईत १८९० साली महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने रस्त्यांवर भटकणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठी मातुंग्याला आश्रयस्थान उघडले गेले. मराठी वाचकांना अ‍ॅकवर्थ परका नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह करणारा तो हाच अ‍ॅकवर्थ. त्या आश्रयस्थानाच्या सांडपाण्याची व मैल्याची व्यवस्था लावताना अभियंता कारकीट जेम्स यांनी बंदिस्त टाकी बांधली आणि १८९७ च्या सुमारास टाकीतला वायू धरून तो वापरण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे १९०७ साली त्या वायूवर इंजिनही चालवण्यात आल्याची नोंद आहे. इंग्लंडमध्ये एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांच्या टाकीतील वायूवर दिवे लागले तेही याच सुमारास.

येथे इतिहासातील एक प्रमाद दुरुस्त करणे अगत्याचे आहे. १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीत असे संयंत्र उभारले गेले, असे विधान कित्येक पुस्तकांत आढळते आणि एकाचे पाहून दुसरा ते उतरवून घेतो. परंतु मातुंग्याचे ते आश्रयस्थानच मुळी १८९० चे आहे; मग १८५९ मध्ये तेथे टाकी कोठून येणार? सालाचा मान सोडावा लागला तरी मातुंग्याची थोरवी उणावत नाही. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या मैल्यातून या देशात प्रथम ज्योत काढली गेली, ही गोष्ट शिल्लक उरतेच. कुष्ठरोग्याला स्पर्श करणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी ती विसरू नये.

ग्रामलक्ष्मी ते दीनबंधू

शेणापासून वायू काढण्याचे पद्धतशीर प्रयोग १९३९ साली दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी केले. पुढे जशभाई पटेल यांनी १९५१ साली खेड्याला परवडेल असे संयंत्र तयार केले आणि त्याला 'ग्रामलक्ष्मी' असे समर्पक नाव दिले. जमिनीत विहिरीसारखा पक्का खड्डा, त्यात शेण व पाणी समप्रमाणात कालवून सोडायचे, वर लोखंडी टोपण तरंगत ठेवायचे. वायू साठला की टोपण वर येते, शेगडी पेटली की खाली बसते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकाच्या आरंभी हा नमुना आपल्या कार्यक्रमात घेतला.

या संयंत्राचे खरे वैशिष्ट्य चुलीपेक्षा त्याच्या दुसऱ्या तोंडाशी आहे. वायू निघून गेल्यावर जी पातळ स्लरी बाहेर येते, तिच्यात शेणातील नत्र जवळजवळ सगळा शिल्लक असतो. चुलीत जळलेल्या शेणाची केवळ राख उरते. येथे मात्र चूलही पेटते आणि शेतालाही त्याचा वाटा मिळतो. व्होएल्करला न सुटलेले कोडे असे सुटले.

परंतु लोखंडी टोपण महाग होते आणि काही वर्षांत गंजे. १९७८ साली उत्तर प्रदेशात लोखंड वगळून केवळ वीटबांधकामाचा घुमट असलेला 'जनता' नमुना निघाला. त्यानंतर १९८४ साली 'दीनबंधू' आला, आणि त्याच्याशी आपला जवळचा संबंध आहे. तो तयार केला 'अ‍ॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन' अर्थात 'अ‍ॅफ्प्रो' या संस्थेने. १९६६ साली देश दुष्काळाशी झुंजत असताना कॅथलिक व प्रोटेस्टंट बंधूंनी एकत्र येऊन अन्नोत्पादनाला साह्य करण्यासाठी ही संस्था स्थापन केली होती. धर्मैक्याची भाषणे पुष्कळ होतात. तेथे ते विटा, चुना आणि शेण यांच्या साह्याने घडले. गोलाकार तळ आणि घुमट यांमुळे बांधकाम कमी लागे आणि 'जनता' नमुन्याहून खर्च सुमारे ३० टक्क्यांनी उतरे. नावही किती सार्थ!

१९७३ व १९७९ साली खनिज तेलाचे भाव भडकल्यावर सरकारला जाग आली आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. आजवर देशात ५० लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रे बांधली गेली आणि त्यांत महाराष्ट्र अग्रभागी राहिला. अर्थात बांधलेली सगळीच चालू आहेत असे नव्हे. कित्येक खड्ड्यांत आज गवत उगवले आहे.

कोणाच्या दारात?

कृष्णाकाठी १९८०च्या दशकात गोबरगॅस आला तो मी माझ्या शाळकरी वयात पाहिला. शेजारच्या सधन शेतकऱ्याच्या घरी शेगडी पेटली त्या दिवशी गल्लीतल्या बायका ती निळी ज्योत पाहायला गेल्या होत्या. घरी परतल्यावर आई बराच वेळ आमच्या काळ्या झालेल्या भिंतीकडे पाहत राहिली. आमच्या गोठ्यात एकच शेळी होती.

हे सांगण्यात गाऱ्हाणे नाही. ते गणित आहे. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला पुरेल अशा दोन घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. तितकेच पाणी हवे, अंगण हवे, अनुदान येईपर्यंत कळ काढण्याइतका पैसा हवा. उसाच्या पट्ट्यात पाणी होते, चारा होता, दुभती जनावरे होती. तेथे गोबरगॅस रुजला. माण, आटपाडी, जतच्या माळावर, जेथे जळणाची ददात सर्वांत मोठी, तेथे शेणात कालवायला पाणीच नव्हते. भूमिहीनांच्या दारात तर जनावरही नव्हते. नाव दीनबंधू असले तरी दीनांच्या उंबऱ्याशी येऊन तो थबकला.

घाण कोणाची, हात कोणाचे

जनावर नसले तरी माणसे सर्वत्र असतात. मातुंग्याला जे घडले ते घरोघरी का घडू नये? हा प्रश्न सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात, अप्पासाहेब पटवर्धन यांनी विचारला. १८९४ साली जन्मलेले हे विद्वान ब्राह्मण गांधीजींचे अनुयायी झाले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभले, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी शौचकूप आणि खत यांचे प्रयोग केले. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहून नेण्याची गरजच उरू नये, हा त्यामागचा हेतू. १९७१ साली ते निवर्तले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन देहूचे वैद्यकीय अधिकारी डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला थेट जोडलेले 'मलप्रभा' हे बायोगॅस संयंत्र विकसित केले. तुकोबांच्या गावात संडासाच्या वायूवर भाकरी भाजली जाऊ लागली. मापुसकरांच्या निधनानंतर २०१७ साली शासनाने त्यांचा पद्मश्रीने गौरव केला.

लोकांनी हे सुखासुखी स्वीकारले नाही. सोवळ्याची माणसे नाक मुरडणार, हे अपेक्षितच होते. पण मला जे अनपेक्षित उत्तर मिळाले ते आपल्याच माणसाकडून. एका वसतिगृहाच्या संडासाला गॅस जोडला होता आणि त्यावर केलेला चहा धर्मग्रामातील एका आजीने नाकारला. मी समजावू लागलो तेव्हा ती म्हणाली, "फादर, आमच्या मानसांनी जल्मभर दुसऱ्याची घान उचलली. आता तिच्यावरच च्या उकळायचा व्हय?"

त्या दिवशी मी निरुत्तर झालो. आपल्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. मेलेले ढोर ओढणे, घाण उपसणे हे त्यांच्या वाट्याला जन्मासोबत आले होते. त्या स्मृतीपुढे मिथेनचे शास्त्र तोकडे पडते. आज मी तिला एवढेच सांगू शकेन, की आजी, मापुसकरांच्या संयंत्रात ती घाण कोणाच्याही हाताला लागत नाही. नळातून ती परस्पर टाकीत जाते. तुमच्या माणसांचे हात मोकळे करण्यासाठीच ती खटपट होती. पण हे सांगताना माझी मान खाली जाईल. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले, तरी मॅनहोलमध्ये आणि मैल्याच्या टाक्यांत उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात. सडणाऱ्या मैल्यातून निघणारा जो वायू नळात धरला की ज्योत देतो, तोच टाकीत कोंडला की जीव घेतो. उतरवले जाते कोणाला, हे मी सांगायला नको.

फलटणची वाट

सातारा जिल्ह्यातच या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडणारी माणसे निघाली. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषिसंशोधन संस्था स्थापन केली. १९८१ साली अमेरिकेतून परतलेले अभियंता अनिल राजवंशी तेथे आले आणि गोड ज्वारीपासून इथेनॉल, उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर असे प्रयोग त्यांनी केले. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर शेतात उरणारा वाळका पाला. तोडणी संपली की आजही कृष्णाकाठी फडच्या फड पेटवले जातात, आणि जमिनीचे अन्न रात्रीतून धूर होऊन जाते.

इरावती कर्वे यांचे पुत्र डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली स्थापन झालेल्या 'आरती' या संस्थेनेही पुण्यात व फलटणला याच टाकाऊ मालावर लक्ष केंद्रित केले. पाचट बंद पिंपात भाजून त्याचा कोळसा करायचा आणि त्याच्या कांड्या पाडून चुलीला वापरायच्या, या पद्धतीसाठी संस्थेला २००२ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ साली तोच पुरस्कार तिला पुन्हा मिळाला, तो घरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी.

कर्वे यांचा विचार साधा होता. गाय जे खाते त्यातले पौष्टिक सत्त्व तिने आधीच काढून घेतलेले असते. शेणात उरतो तो चोथा. मग सूक्ष्म जीवांना चोथ्याऐवजी अन्नच का देऊ नये? शिळा भात, भाकरीचे तुकडे, किडके धान्य, पेंड असे पिष्टमय पदार्थ टाकीत घातले, तर दोन किलोंत साधारण ४० किलो शेणाइतका वायू मिळतो आणि तोही ४० दिवसांऐवजी एका दिवसात, असे संस्थेचे सांगणे आहे. प्लास्टिकच्या दोन टाक्या एकीत एक बसवल्या की संयंत्र तयार. गोठा नको, मोठे अंगण नको. उरलेल्या भाकरीच्या तुकड्यांवर पेटणारी शेगडी! बारा टोपल्यांची कथा वाचणाऱ्याला याहून अधिक काय सांगायला हवे?

नगरपालिकांनीही पुढे हा धडा गिरवला. ओला कचरा वेगळा करण्याची शिस्त लावणारे कराड शहर २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत देशात पहिले आले. या मानात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायाबापड्यांचा वाटा किती, हे मात्र फलकावर लिहिले जात नाही.

ऊस आणि त्याचे सरण

कृष्णाकाठची टाकाऊतून अग्नी काढण्याची सर्वांत जुनी परंपरा गुऱ्हाळाची आहे. घाण्यात ऊस पिळायचा, चिपाडे वाळवायची आणि त्यांच्याच जाळावर काहिलीत रस आटवायचा. चुलवाण्या जाळ सांभाळी आणि गुळव्या पाक पाही. उसाने आपल्याच देहावर आपला रस शिजवून द्यावा, अशी ही रीत. वसंतदादा पाटील आणि त्यांच्या पिढीने सहकारी कारखाने उभे केले, तेव्हा हीच रीत बॉयलरमध्ये गेली. अलीकडे अनेक कारखाने चिपाडांवर स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकतात, मळीपासून इथेनॉल करतात आणि २०१८ पासून केंद्राच्या योजनेनुसार प्रेसमडपासून वाहनांचा गॅस करण्याचेही काम सुरू झाले आहे.

ही प्रगती खोटी नाही. पण जे वेचले गेले नाही त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. २०२२ आणि २०२३ साली सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच तरंगला, तो नदीत मिसळलेल्या दूषित पाण्यामुळे. योग्य टाकीत गेले असते तर जे ज्योत झाले असते, ते नदीत गेल्यावर विष होते.

आणि ऊस तोडतो कोण? दसरा-दिवाळी उलटली की मराठवाड्यातून आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. त्यांत आपली माणसेही असतात. नाताळची मिस्सा त्यांच्यापैकी कित्येकांना फडावरच चुकते. पहाटे फडाजवळून गेलात तर दिसेल: कोपीपुढे तीन दगड, त्यांवर तवा, खाली धुमसणारे पाचट, आणि डोळे पुसत भाकरी थापणारी बाई. तिने तोडलेल्या उसाच्या चिपाडांवर शहरात दिवे लागतात. तिच्या कोपीत मात्र शंभर वर्षांपूर्वीचाच धूर आहे.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात निसर्गाच्या घराची रीत सांगितली आहे: तेथे एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न होते, आणि माणसाच्या कारखान्यांना ही विद्या अजून पुरती साधलेली नाही. त्याच पत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश ते वेगळा करत नाहीत. सातारा-सांगलीचा इतिहास मला तेच शिकवतो. मातुंग्याच्या टाकीपासून फलटणच्या टाकीपर्यंत शास्त्राने आपले काम बव्हंशी चोख केले. प्रत्येक वेळी ज्योत पेटली, आणि प्रत्येक वेळी ज्याला तिची सर्वांत जास्त गरज होती त्याच्या दारापर्यंत ती उशिरा पोहोचली किंवा पोहोचलीच नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि झाडाभोवती खणून खत घालण्याचे वचन देतो. उकिरड्यावरची वस्तू त्या झाडाच्या तारणाचे साधन ठरते. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात सणाच्या जेवणावळी होतात, वसतिगृहांत रोज खरकटे उरते. ते एका टाकीत घालून त्यावर पहिला चहा उकळावा तो तोडणीहून परतलेल्या माणसांसाठी, आणि आजीला विचारूनच. मुदत मागणारा माळी अजून हात जोडून उभा आहे.